दतियाचा हात

अकरा हजारांची आहे, हेरंब म्हणाला,
आणि ती तार माझ्या तळहातावर ठेवली
दाढेचा साचा ठेवावा तशी, जपून.
चांदीचा मुलामा, वर विणलेलं काळं रेशीम,
टोकांना सोन्याचं पाणी.
मी तिचं वजन केलं.
पस्तीस वर्षं लष्करच्या तारघरात काढली,
हाताला तार लागली की आधी वजनच करतो.

जयेंद्रगंजात, दवाखान्याच्या वरच्या खोलीत
त्याने भर दुपारी गौड सारंग लावला.
मग दाल बाजारातली दीडशेची तार जोडली.
मग पुन्हा अकरा हजारांची.
"आता? तंबोरा उघडला की नाही?"

परीक्षा मीच सुचवली, चूक माझी.
आम्ही दोघे भिंतीकडे तोंड करून, शाळेतल्यासारखे,
मागे त्याची कंपाउंडर शकुन कुशवाह
नाणं उडवून तारा बदलणार
आणि गजकच्या डब्याच्या झाकणावर
खरं काय होतं ते खडूने लिहिणार.

बारा वेळा.
हेरंबचे सात बरोबर आले.
"सात!" म्हणाला, आणि शकुनला गजक दिली.
नाण्याचेही सहा आले असते.
मी बोललो नाही.

बोलायचं ते असं होतं
की आतून शून्य जातं, नाहीतर एक जातो,
आणि शून्य कशातूनही गेलं तरी शून्यच पोचतं,
त्याला चांदी चिकटत नाही.
आमचंही तेच. कट्ट आणि कडकट्ट.
तांब्यातून या, नाहीतर गंजक्या लोखंडातून.
वादळात खांब आडवे झाले की शब्द यायचाच नाही;
पण आला तर अख्खा आला,
जरा मळका, जरा फिका असा कधीच नाही.

त्याचा चेहरा उतरायला एवढं पुरलं असतं.

पण मग दतियाचं काय करू?
दतियाचा जुगलकिशोर. त्याला मी कधी पाहिलं नाही,
फक्त हात ओळखायचो.
दुसऱ्या ठोक्याला अडखळायचा,
जिन्याची एक पायरी तुटकी असल्यासारखा.
थंडीत जास्तच.
एकदा पौषात, रात्री, त्याच हाताने आली:
सरोज आज सकाळी गेली या
आणि 'सरोज'नंतर इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं लाइन तुटली.
मग उरलेले चार शब्द, स्वच्छ. कुठे अडखळ नाही.
मी फॉर्मवर उतरवले.
थांबला होता, ते लिहायला रकाना नव्हता.
पत्ता हुजरातचा, त्याच्या सासऱ्यांचा.
शिपाई सायकलवरून देऊन आला.
त्यांना काहीही चुकीचं मिळालं नाही.

तेव्हा तारेत काय काय असतं ते मला माहीत आहे, हेरंब,
आणि त्यातलं किती पलीकडे उतरतं, तेही.
तुझ्या त्या डबीतसुद्धा कुणीतरी माझ्यासारखाच बसलाय:
येईल ते रांगेत लावून घेतो,
आणि वाचतो आपल्याच घड्याळाने.

हेही बोललो नाही.

जिन्यात शकुन हळूच म्हणाली,
बाबूजी, साहेबांशी उजवीकडून बोलू नका,
त्या कानाला आता वरचं काही पोचत नाही.
तीस वर्षं दात कोरायचं यंत्र तिकडेच शिट्टी घालतंय.

मी परत वर गेलो. डावीकडून बसलो.
लाव पुन्हा, म्हटलं. कुठली ते सांगू नको.

त्याने लावली. मी डोळे मिटले.
खुर्चीच्या लाकडावर त्याचं बोट ठेका धरत होतं
आणि दर आवर्तनात समेच्या केसभर आधी पडत होतं,
दर वेळी तेवढंच.
ओळखून ठेवला.